मिखाएल टोनेट : लाकूड वाकवणारा कारागीर

मुंबई आणि पुणे येथील जुन्या इराणी उपाहारगृहांत ज्यांनी कधी चहा घेतला असेल, त्यांना तेथील काळसर तपकिरी रंगाची लाकडी खुर्ची सहज आठवेल. संगमरवरी टेबलाभोवती मांडलेल्या ह्या खुर्चीची पाठ म्हणजे एक अखंड गोल दांडा असतो. तो वर कमानीसारखा वळून दोन्ही बाजूंनी खाली उतरतो आणि त्याचेच मागचे दोन पाय होतात. त्या कमानीच्या आत दुसरी लहान कमान, खाली वाटोळी बैठक, पुढे दोन पाय आणि चारही पायांना आतून धरणारे एक लाकडी कडे, एवढाच तिचा संसार. नक्षी म्हणावी अशी तिच्यावर कोठेच नाही. एका हाताने उचलावी इतकी ती हलकी, आणि दिवसभर गिऱ्हाइके बसून उठली तरी वर्षानुवर्षे टिकावी इतकी बळकट.

ज्या कारागिराने ह्या वळणाच्या खुर्चीला जन्म दिला, त्याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर आलेले असेल. आपल्या समाजात लाकडाशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे अशी घरे पुष्कळ आहेत. रंधा आणि पटाशी ज्या घरांत देव्हाऱ्याशेजारी पुजली जातात, त्या घरांतील मुलामुलींना ह्या परदेशी सुताराची ओळख असावी असे आम्हांस वाटले, म्हणून मिखाएल टोनेट ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

टोनेट ह्यांचा जन्म २ जुलै १७९६ रोजी ऱ्हाईन नदीच्या काठी बोप्पार्ड ह्या लहानशा गावी झाला. त्यांचा जन्म झाला तेव्हा हा प्रदेश फ्रेंच फौजांच्या ताब्यात होता, आणि पुढे १८१५ मध्ये तो प्रशियाच्या राज्यात गेला. वडील फ्रान्त्स आन्टोन हे कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. सुतारकाम टोनेट ह्यांच्याकडे वारशाने आलेले नव्हते, ते त्यांनी शिकून मिळवले. ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८१९ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी गावात स्वतःचे सुतारखाते उघडले. दुसऱ्याच वर्षी आन्ना मारिया ग्राह्स ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फ्रान्त्स, मिखाएल, आउगुस्ट, योझेफ आणि याकोब हे त्यांचे पाच पुत्र पुढे वडिलांच्या कामात सहभागी झाले.

त्या काळच्या जर्मन प्रदेशांत मध्यम स्थितीतील कुटुंबांची घरे वाढत होती आणि त्यांच्यासाठी साध्या, मोजक्या वळणांच्या सामानाची आवड रूढ झाली होती. राजवाड्यांतील सोनेरी मुलाम्याचे काम ह्या लोकांस परवडणारे नव्हते आणि त्यांच्या लहान दालनांत ते शोभणारेही नव्हते. खुर्चीची पाठ किंचित झुकलेली, पाय बाहेरच्या अंगास वळलेले, लाकडाची रेषा उघडी दिसणारी, अशी ही घडण होती. टोनेट त्याच घडणीचे सामान करीत आणि त्यांच्या हाताला नावही चांगले होते.

परंतु ह्या साध्या वळणात एक अडचण होती, आणि ती कोणत्याही सुताराला सांगितल्याबरोबर समजेल. वळण काढायचे तर रुंद फळी घ्यावी लागे, तिच्यावर आकृती आखावी लागे आणि करवतीने ती कापून काढावी लागे. पहिला तोटा असा की फळीचा मोठा भाग ढलपीत जाई. दुसरा त्याहून वाईट. लाकडाचे तंतू सरळ धावतात आणि करवत वाकडी फिरते. त्यामुळे वळणाच्या जागी तंतू आडवे तुटतात. तेथे लाकूड दिसायला अखंड असले तरी जोर पडताच ते नेमके त्याच ठिकाणी मोडते. ते मोडू नये म्हणून वळण जाड ठेवावे लागे, किंवा दोनतीन तुकडे कुसू घालून जोडावे लागत. म्हणजे डोळ्यांना साधे आणि हलके भासणारे सामान वस्तुतः जड, खर्चिक आणि कच्चे होते.

अशा वेळी बहुतेक कारागीर वळण थोडे जाड करून मोकळे होतात. टोनेट ह्यांनी प्रश्न उलट बाजूने धरला. लाकूड कापून वाकडे करण्याऐवजी लाकडालाच वाकवता आले, तर तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतील, ढलपी निघणार नाही आणि बारीक दांडाही भार सोसेल. त्यांच्या साऱ्या आयुष्याचे काम ह्या एका विचारातून निघाले. सुंदर खुर्ची कशी दिसावी, हा विचार त्यांच्यापुढे नंतर आला. लाकूड कोठे आणि का मोडते, हा आधी आला.

लाकूड वाकवण्याची कल्पना त्यांच्या आधी कोणालाच नव्हती असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. पिंपे करणारे कारागीर फळ्या तापवून वाकवीत आले होते, जहाजे बांधणारेही तेच करीत. अमेरिकेत बोस्टन येथील सॅम्युएल ग्रॅग ह्यांनी १८०८ मध्ये वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचे पेटंट घेतले होते. टोनेट ह्यांचे वैशिष्ट्य असे की ही युक्ती त्यांनी एका वस्तूपुरती वापरून सोडून दिली नाही, तर चाळीस वर्षे तिचा पाठपुरावा केला.

इ. स. १८३० च्या सुमारास त्यांनी प्रयोगांस आरंभ केला. प्रथम त्यांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या, त्यांच्या जुड्या बांधून सरसात उकळल्या आणि गरम असतानाच साच्यात आवळून ठेवल्या. सरस वाळला म्हणजे पट्ट्या एकजीव होऊन साच्याचे वळण कायम धरीत. ह्या रीतीने त्यांनी आधी खुर्च्यांच्या पाठीचे व इतर सामानाचे भाग केले, आणि १८३६ च्या सुमारास जवळजवळ सगळी खुर्चीच अशा पट्ट्यांची करून दाखवली. सरस मुबलक मिळावा म्हणून पुढच्या वर्षी गावाजवळची एक सरसाची गिरणीही त्यांनी घेतली.

आता पुढची चिंता होती ती हक्काची. कारागिराची युक्ती उघडी असते. जो पाहील तो ती उचलू शकतो. म्हणून आपल्या प्रदेशात आणि इंग्लंड, फ्रान्स, रशिया ह्या देशांत पेटंट मिळवण्यासाठी त्यांनी खटपट केली. तिच्यात पैसा पाण्यासारखा गेला, कर्ज वाढले, आणि हाती काही आले नाही.

१८४१ साली कोब्लेंत्स येथे भरलेल्या प्रदर्शनात त्यांनी आपले सामान मांडले. ऑस्ट्रियाचे प्रधान मेटर्निख ह्यांचे जन्मगाव कोब्लेंत्सच होते आणि त्यांचा एक वाडाही ऱ्हाईनकाठी होता. त्यांच्या नजरेस टोनेट ह्यांचे काम पडले. त्यांनी टोनेट ह्यांना भेटीस बोलावले आणि व्हिएन्नास येण्याचा सल्ला दिला. आपल्या गावी मोठे होण्याची आशा उरली नव्हती. १८४२ मध्ये टोनेट व्हिएन्नास गेले, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात कोणत्याही जातीचे लाकूड हवे तसे वाकवण्याचा हक्क त्यांना दरबारातून मिळाला.

ज्या वर्षी हा हक्क मिळाला, त्याच वर्षी मागे बोप्पार्ड येथे सावकारांनी त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली. तेवीस वर्षे खपून उभे केलेले सुतारखाते गेले. घरचा कर्ता पुरुष परदेशी, आणि दाराशी जप्ती आलेली, अशा स्थितीत आन्ना मारिया ह्यांनी मुलाबाळांसह गाव सोडले आणि कुटुंब व्हिएन्नाकडे निघाले. त्या वेळी टोनेट ह्यांचे वय सेहेचाळीस होते. ज्या वयात आपल्याकडील कारागीर मुलाच्या हाती हत्यारे देऊन ओट्यावर बसण्याचे मनात आणतो, त्या वयात ह्या गृहस्थाने परक्या शहरात दुसऱ्याच्या कारखान्यात काम धरले.

तो कारखाना कार्ल लाइस्टलर ह्यांचा होता. व्हिएन्नातील लिख्टेनश्टाइन घराण्याच्या वाड्याचे नूतनीकरण त्या वेळी चालू होते आणि त्यातील लाकूडकाम लाइस्टलर ह्यांच्याकडे होते. टोनेट आणि त्यांचे मुलगे ह्यांनी तेथे लाकडी तुकड्यांच्या नक्षीदार जमिनी केल्या आणि काही खुर्च्याही केल्या. त्या वाड्याची दालने भरगच्च नक्षीने आणि सोन्याच्या मुलाम्याने मढवलेली होती. त्यांच्यामध्ये टोनेट ह्यांच्या बारीक पायांच्या हलक्या खुर्च्या ठेवल्या गेल्या. श्रीमंतांच्या आवडीचे अवजड काम हे पितापुत्र दिवसभर हाताने करीत होते आणि त्याच वेळी स्वतःची हलकी घडण डोळ्यांपुढे ठेवून होते. पुढे ज्या साधेपणासाठी टोनेट ओळखले गेले, तो त्यांना नक्षी करता येत नव्हती म्हणून आलेला नाही, एवढे ह्यावरून स्पष्ट होते.

१८४९ साली त्यांनी लाइस्टलर ह्यांचा निरोप घेऊन व्हिएन्नाच्या गुंपेन्डोर्फ भागात स्वतःचे काम सुरू केले. लिख्टेनश्टाइन वाड्याच्या कामावर असलेले इंग्रज वास्तुविशारद डेव्हिन्य ह्यांनी त्यांना ह्या वेळी आधार दिला. लवकरच व्हिएन्नातील दाउम नावाच्या कॉफीगृहासाठी खुर्च्यांची मागणी आली. दाटीत सहज सरकवता याव्यात, उचलून बाजूस ठेवता याव्यात, आणि रोजच्या गर्दीत टिकाव्यात, हे कॉफीगृहाच्या खुर्च्यांस आवश्यक असते. टोनेट ह्यांच्या खुर्च्या नेमक्या अशाच होत्या. पाठोपाठ पेस्ट शहरातील एका हॉटेलाने चारशे खुर्च्या मागवल्या. वाड्यांचे गिऱ्हाईक सुटून चव्हाट्यावरचे गिऱ्हाईक मिळू लागले, आणि टोनेट ह्यांच्या कलेला खरी दिशा ह्या गिऱ्हाइकानेच दिली असे आम्हांस वाटते.

१८५१ साली लंडन येथे जगातील पहिले मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तेथे टोनेट ह्यांनी शिसवी जातीच्या उंची लाकडाच्या, पितळेचे काम केलेल्या खुर्च्या व टेबले पाठवली आणि त्यांना कांस्यपदक मिळाले. जगाच्या नजरेत भरण्यासाठी त्यांनाही त्या वेळी शोभेचाच आधार घ्यावासा वाटला, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. साधेपणा त्यांना एका दिवसात साधला नाही. एकेक गोष्ट काढून टाकीत ते तेथवर पोचले.

१८५३ मध्ये त्यांनी व्यवसाय पाचही मुलांच्या नावे केला आणि संस्थेस टोनेट बंधू असे नाव दिले. मार्गदर्शन मात्र अखेरपर्यंत त्यांचेच राहिले. वडिलांनी हयातीत अधिकार सोडावा आणि पाच भावांनी एका नावाखाली नांदावे, हे चित्र आपल्याकडील एकत्र कुटुंबांसही आदर्श वाटावे असे आहे.

धंदा समुद्रापार जाऊ लागला तशी एक नवी आपत्ती उभी राहिली. सरसाने चिकटवलेल्या पट्ट्या व्हिएन्नाच्या थंड कोरड्या हवेत पक्क्या राहत, परंतु जहाजाच्या तळघरातील ओलावा आणि उष्ण देशांतील दमट हवा लागली की सरस सुटे आणि पट्ट्या उकलत. आपल्या कोकणातील पावसाळा ज्याने पाहिला आहे, त्यास हे वेगळे समजावून द्यावयास नको. वीस वर्षांहून अधिक काळ जिच्यावर खर्च केला ती युक्तीच आता पायातील बेडी ठरत होती. टोनेट ह्यांनी ती सोडली. सरस नको आणि पट्ट्याही नकोत, अखंड दांडाच वाकवायचा, असे त्यांनी ठरवले.

अखंड दांडा वाकवणे ऐकायला सोपे वाटते, पण त्यात मोठी मेख आहे. दांडा वाकला की त्याची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. वाफेने मऊ केलेले लाकूड पुष्कळ दबते, मात्र ताण त्यास शेकडा एकदोनहून अधिक सोसत नाही. म्हणून वाकवताना दांडा नेहमी बाहेरच्या अंगास चिरतो. टोनेट ह्यांनी ह्यावर काढलेला उपाय इतका सोपा आहे की तो आपल्याला का सुचला नाही असे वाटावे. दांड्याच्या बाहेरच्या बाजूस त्यांनी लोखंडाची पट्टी लावली आणि तिची दोन्ही टोके दांड्याच्या टोकांशी घट्ट आवळली. आपल्या बैलगाडीच्या चाकास बाहेरून लोखंडी धाव बसवतात आणि ती लाकडाला आवळून धरते, तशीच ही पट्टी लाकडास लांबू देत नाही. सर्व ताण लोखंड घेते, आणि लाकडाला केवळ दबण्याचे काम उरते. दबणे त्यास जमते. अशा रीतीने वाफवलेला दांडा दोन माणसे ओल्या उष्णतेतच लोखंडी साच्यावर वळवीत, साच्यासकट तो वाळवीत, आणि वाळल्यावर साचा काढला की वळण जन्मभर टिके. १८५६ साली ह्या पद्धतीचा तेरा वर्षांचा हक्क त्यांना मिळाला.

ह्या कामास बीच नावाच्या वृक्षाचे लाकूड उत्तम ठरले. त्याची रेषा सरळ असते, पोत दाट असतो, आणि मध्य युरोपच्या डोंगरांत ते विपुल होते. तोवर उंची सामानात त्यास विशेष मान नव्हता. लाकूड शहरात आणण्याऐवजी टोनेट स्वतःच जंगलाकडे गेले. मोराविया प्रांतातील कोरिचानी ह्या गावी १८५७ मध्ये त्यांचा पहिला मोठा कारखाना उभा राहिला. त्याची आखणी आणि यंत्रांची रचना त्यांनी व मुलांनी केली. पुढे त्याच प्रांतात बिस्त्रित्से येथे दुसरा कारखाना निघाला, आणि त्यानंतर आणखीही निघाले.

१८५९ च्या सुमारास तयार झालेली चौदा क्रमांकाची खुर्ची हे टोनेट ह्यांच्या आयुष्याचे सार होय. लेखाच्या आरंभी जिचे वर्णन केले तिचीच ही मूळ माउली. पूर्ण रूपास आल्यावर तिच्यात लाकडाचे अवघे सहा भाग राहिले : पाठ व मागचे पाय मिळून एक, आतली कमान एक, बैठकीचे कडे एक, पुढचे पाय दोन, आणि पायांना धरणारे कडे एक. हे सहा भाग दहा स्क्रू आणि दोन नटबोल्ट ह्यांनी जोडले जात. सरसाचे नाव नाही, कुसवाचे नाव नाही. बैठक वेताची विणलेली असे. तिच्यातून हवा खेळे, आणि सांडलेली कॉफी खाली निघून जाई. एक मीटर लांब, रुंद व उंच अशा एका पेटीत छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग मावत. पेटी कोणत्याही बंदरात पोचली की ज्यास स्क्रू फिरवता येतो तो मनुष्य तेथे खुर्ची उभी करू शके. एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलता येई, आणि वेत फाटला तर गावातील विणकर तो पुन्हा विणून देई.

ह्या खुर्चीचे सौंदर्य कोठून आले, असा प्रश्न आपल्या तरुण कारागिरांनी स्वतःस अवश्य विचारावा. तिची गोलाई कोणा चित्रकाराने कागदावर रेखाटून दिली नव्हती. बीचचा दांडा वाफेत जितका आणि जसा सुखाने वळतो, तितकीच आणि तशीच ती गोलाई आहे. दांडा जेथे भार अधिक तेथे जाड आणि जेथे कमी तेथे बारीक कातलेला आहे. सुट्या भागांची पेटी लहान व्हावी म्हणून फाजील भाग गेले, आणि किंमत उतरावी म्हणून फाजील श्रम गेले. उरले ते एवढे सुबक होते की तिची घडण आजवर बदलावी लागली नाही. १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात टोनेट बंधूंना सुवर्णपदक मिळाले. लंडनच्या कांस्यपदकाच्या वेळी शिसवी लाकूड आणि पितळ होते, ह्या सुवर्णपदकापर्यंत येताना ते ओझे गळून पडले होते.

येथवर आम्ही यशाची कथा सांगितली. परंतु लाकडावर पोट असलेल्या घरांत ही कथा वाचली जाणार असल्यामुळे तिची दुसरी बाजू लपवणे आम्हांस योग्य वाटत नाही. १८५३ साली टोनेट ह्यांच्याकडे ४२ माणसे कामास होती आणि त्यांपैकी सुतार केवळ नऊ होते. बाकीचे पट्ट्या कापणारे, चिकटवणारे, घासणारे, रंग देणारे. मोरावियातील कारखान्यांत तर आसपासच्या खेड्यांतील शेतकरी माणसे घेण्यात आली, आणि वेत विणणे, घासणे, पॉलिश करणे ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे गेली. एक मनुष्य दिवसभर दांडे कातणार, दुसरा दिवसभर वाकवणार, तिसरा दिवसभर घासणार. पूर्वी एकच सुतार आरंभापासून शेवटापर्यंत खुर्ची करी आणि ती आपली म्हणून दाखवी. तो सुतार ह्या कारखान्यात फारसा उरला नाही. ज्याने आयुष्यभर रंधा धरला, त्याच्याच हातून रंध्याची गरज कमी झाली.

ह्याबद्दल टोनेट ह्यांना दोष द्यावा की नाही, ह्याविषयी आम्हां संपादकांतही एकमत झाले नाही. एक पक्ष असा की कारागिरीचा मान घालवणारी गोष्ट कितीही सोयीची असली तरी ती वंदनीय ठरत नाही. दुसरा पक्ष असा की चांगली खुर्ची ज्यांच्या घरी कधीच आली नसती अशा कोट्यवधी कुटुंबांत ती ह्याच मार्गाने गेली, आणि मोरावियातील खेड्यांत नियमित मजुरीची सोय झाली. आम्हांस दोन्ही बोलण्यांत तथ्य दिसते. एक गोष्ट मात्र उभय पक्षांनी मान्य केली. हा बदल लाकूड न जाणणाऱ्या कोणा भांडवलदाराने बाहेरून लादलेला नव्हता. तो सुताराच्याच ज्ञानातून निघाला. लाकडाचा तंतू कोठे तुटतो आणि कोठे दबतो हे ज्यास हाताने ठाऊक होते, त्यासच ती लोखंडी पट्टी सुचली. आणि ह्या सुताराच्या मुलांचे नाव त्या मालावर राहिले.

१८६९ साली पद्धतीवरील हक्क संपला आणि इतर कारखानदारांना मार्ग मोकळा झाला. त्यांत याकोब व योझेफ कोन ह्यांची संस्था विशेष पुढे आली. ज्या नकलेच्या धास्तीने टोनेट ह्यांनी एके काळी घरदार गमावले होते, ती नक्कल आता सर्वत्र होऊ लागली. तोवर मात्र पंचाहत्तरीकडे झुकलेल्या ह्या कारागिराचे काम पूर्ण झाले होते. ३ मार्च १८७१ रोजी व्हिएन्ना येथे टोनेट ह्यांचे निधन झाले. मुलांनी आणि नातवंडांनी व्यवसाय वाढवला. १९३० पर्यंत चौदा क्रमांकाच्या सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्याचे सांगतात. १९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात वास्तुविशारद ल कॉर्बुझिए ह्यांनी आपल्या नव्या धर्तीच्या दालनात टोनेट पद्धतीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मांडल्या. पुढे आपल्या देशातील चंडीगढ नगराची रचना करणारे गृहस्थ ते हेच. बिस्त्रित्से येथील कारखाना पुढे सरकारच्या ताब्यात जाऊन त्याचे नाव बदलले, तरी आजही तेथे कामगार वाफाळलेला बीचचा दांडा हातांनीच साच्यावर वळवतात.

आपल्या शहरांतील इराणी उपाहारगृहे आता एकेक करून मिटत चालली आहेत. त्यांच्या खुर्च्या जुन्या बाजारात निघतात आणि शोकीन लोक चांगली किंमत देऊन त्या घेतात. त्या खुर्च्यांपैकी कोणती टोनेट ह्यांच्या कारखान्यातली आणि कोणती दुसऱ्यांनी त्यांचे पाहून केलेली, हे ओळखणे सोपे नाही. घडण मात्र एकाच माणसाची आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या हाती अशी एखादी खुर्ची आली, तर त्यांनी ती उलटी करून पाहावी, स्क्रू सोडवून तिचे सहा भाग वेगळे करावे, दांड्यावरील रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने चाचपावी, आणि मग ते भाग पुन्हा जोडावेत. घरातील मुलास शेजारी बसवून हे केले तर अधिक चांगले. नवी घडण कोठून सुचते असे तो पुढे कधी विचारील, तेव्हा त्याच्यापुढे ठेवण्यास आपल्याजवळ एक उत्तर असेल.

मिखाएल टोनेट ह्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.